तेरातलं एक मत

शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. नागरिकशास्त्र आपण सगळ्यांनीच परीक्षेच्या आदल्या रात्री उरकलं, म्हणून मी एका महापौराबद्दल लिहिते.

नोकरीनिमित्त मी अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत राहते. १९९१ ते १९९९ इथले महापौर होते इमॅन्युएल क्लीव्हर, मेथडिस्ट पंथाचे पाद्री. जन्म १९४४चा, टेक्सासमधला. लहानपणीची काही वर्षं नळ नाही, वीज नाही अशा खोपट्यात गेली. समाजशास्त्र आणि मग धर्मशास्त्र शिकून त्यांनी सेंट जेम्स चर्च सांभाळलं. १९७९मध्ये नगरसेवक झाले. बहुसंख्य गोऱ्यांच्या या शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर.

पण महापौर करतो काय? इथे लोक त्याला चार वर्षांसाठी थेट निवडतात, तरी सभागृहातल्या १३ मतांत त्याचं मत एकच. कारभार सिटी मॅनेजर चालवतो, आपल्या आयुक्तांसारखा. फक्त त्याला राज्य सरकार पाठवत नाही, सभागृहच नेमतं. अशा खुर्चीवरून काम करून घ्यायचं तर माणसं वळवावी लागतात. क्लीव्हरना त्याचा दर रविवारी सराव होता, कारण महापौर असतानाही त्यांनी चर्च सोडलं नव्हतं.

ट्रूस्ट हा रस्ता म्हणजे इथल्या गोऱ्या-काळ्या वस्त्यांमधली सीमा. त्याच्या पूर्वेला ‘एटीन्थ अँड व्हाइन’ हा भाग. एके काळी इथे रात्रभर जॅझ चाले. कृष्णवर्णीयांची बेसबॉल लीग १९२०मध्ये इथेच स्थापन झाली. पुढे सगळं ओस पडलं. नगरसेवक असल्यापासून क्लीव्हर या भागासाठी पैसा मागत होते. अखेर १९९७मध्ये जॅझ आणि बेसबॉल यांची संग्रहालयं एकाच नव्या इमारतीत उघडली. भारतातून कोणी आलं की मी त्यांना हमखास तिथे नेते.

आजूबाजूला दुकानं मात्र फारशी आली नाहीत. रॉबर्ट ऑल्टमन यांच्या ‘कॅन्सस सिटी’ या १९९६च्या चित्रपटासाठी रिकाम्या इमारतींना लावलेले दुकानांचे खोटे दर्शनी भाग कित्येक वर्षं तसेच राहिले. आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात : स्क्रीन झकास, मागे कोड नाही. सभागृहातली सात मतं वळवून संग्रहालय उभं राहतं, पण किराणा दुकानदार तसा येत नाही. तरी मी क्लीव्हरना नापास करणार नाही. त्या रस्त्यावर निदान कोणीतरी पैसा घातला.

२००५मध्ये ते खासदार झाले. चर्चची जबाबदारी मात्र त्यांनी २००९पर्यंत सोडली नाही.