अस्थिछेदन उपकरणे व अस्थिसंधान

अस्थिछेदन उपकरणे : शस्त्रक्रियेत हाड कापण्याची वा त्याला भोक पाडण्याची साधने. कापलेले हाड कसे जुळते (पहा : अस्थिसंधान) हे काही अंशी त्यांवर ठरते.

छिन्नी व हातकरवत ही यातील जुनी साधने. बर्नहार्ट हाइने यांनी 1830 च्या सुमारास साखळीकरवत बनवली. विसाव्या शतकात विजेवर व दाबयुक्त हवेवर चालणाऱ्या करवती रूढ झाल्या. वेग वाढला, तशी घर्षणाची उष्णताही वाढली.

ही उष्णता हाच या विषयाचा गाभा आहे. हाड उष्णतेचे मंदवाहक असल्याने ती छेदाच्या कडेलाच साठते. सशांच्या हाडावरील प्रयोगांत एरिक्सन व आल्ब्रेक्टसन यांना 47° से. तापमान एक मिनिट राहिल्यास हाडाची हानी होते, असे आढळले (1983). मृत झालेली कड शोषली जाऊन नवे हाड येण्यास वेळ लागतो (पहा : अस्थिमृत्यू). बोथट पाते व अपुरे सिंचन यांनी धोका वाढतो; म्हणून छेद घेताना क्षारद्रावणाची धार सोडतात. छिन्नीने उष्णता फारशी निर्माण होत नाही, मात्र हाडाला तडे जाऊ शकतात. श्राव्यातीत कंपनांचे उपकरण (सुमारे 25–30 किलोहर्ट्झ) कठीण हाड कापते आणि लगतच्या मज्जातंतूंना सहसा इजा करीत नाही. त्याची गती मात्र कमी असते.

दंतरोपणात व सिमेंटविरहित सांधेरोपणात (पहा : सांधेरोपण) रोपण जिवंत हाडाशीच जुळावे लागते. तेथे छेदाच्या कडेवरील अतिउष्णता रोपण सैल होण्याचे एक कारण ठरते.