रीळ सीट (गळाच्या काठीची)

रीळ सीट : गळाच्या काठीवर रीळ धरून ठेवणारी नळीच्या आकाराची बैठक. तिच्या एका टोकाला पक्की टोपी, दुसऱ्या टोकाला आट्यांवर सरकणारी टोपी व नट असतो. रिळाचा पाय दोन्ही टोप्यांत सारून नट आवळतात. पूर्वी रीळ दोऱ्याने बांधत किंवा सरकत्या कड्यांत अडकवत.

प्रकार : स्पिनिंग रीळ काठीखाली लटकते, तर बेटकास्टिंग रीळ वर बसते, त्याच्या सीटला खालून तर्जनी अडकवण्यासाठी चापासारखा आकडा असतो. फ्लाय काठीची सीट मुठीमागे, बुडाशी असते.

बसवणी : काठीचा मूळ दांडा, म्हणजे ब्लँक, निमुळता असतो आणि सीटची पोकळी सरळ. त्यामुळे दोहोंत फट राहते, शिवाय ती सगळीकडे सारखी नसते. ही फट कशी भरली, यावर जोडाचे आयुष्य ठरते. त्यासाठी कॉर्क, कडक फोम किंवा ग्राफाइटच्या बांगड्या ब्लँकच्या उतारानुसार आतून कोरून बसवतात. घरगुती बांधणीत मास्किंग टेपचे दोन-तीन पट्टे गुंडाळतात. मात्र ते सलग न ठेवता मधे जागा सोडतात, म्हणजे तिथे इपॉक्सी थेट ब्लँकला धरते. टेपच्या उघड्या कडाही इपॉक्सीने झाकाव्या लागतात, नाहीतर आत पाणी शिरून कागद सुटतो.

आधी ब्लँक आणि सीटची आतली बाजू सँडपेपरने खरखरीत करून पुसतात. मग सावकाश सुकणारी दोन भागांची इपॉक्सी दोन्हीकडे लावून सीट फिरवत सरकवतात, म्हणजे आत हवा कोंडत नाही. आट्यांवर आलेला ओघळ लगेच स्पिरिटने पुसतात. इपॉक्सी ओली असतानाच रीळ चढवून, एक डोळा मिटून, रिळाचा पाय आणि तंगूस ओवायच्या कड्या एका रेषेत आहेत का ते पाहतात. त्यानंतर साधारण दिवसभर काठीला हात लावत नाहीत.

दोष : फट नीट भरली नसेल तर सीट हलते, टकटक वाजते आणि जोरदार ओढीला गोल फिरते.

इंदूर परिसर : इंदूरच्या दक्षिणेला नर्मदा व तिला बडवाहजवळ मिळणारी चोरल हा महाशीरचा मुलूख. नर्मदेकाठी या माशाला बाडस, महाराष्ट्रात खडस म्हणतात. २०११ मध्ये तो मध्य प्रदेशचा राज्यमासा ठरला. गळ लागताच तो प्रवाहात सुसाट धावतो. तो पहिला हिसका रिळामार्फत थेट सीटवर येतो. धरणांमुळे नर्मदेतील महाशीर फार घटला आहे. राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट या प्रजननकाळात मासेमारीला बंदी असते. काठी बांधायला हे दिवस मोकळे खरे, पण पावसाळी दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, धुरकट साय येते; म्हणून सीट कोरड्या, बंद खोलीत बसवावी.