बट्टा : जालन्याच्या वेशीवरचे परकीय चलन

१/ मागच्या महिन्यात मावसभाऊ सिंगापूरहून नवीन जालन्यात परतला आणि क्रेडिट कार्डाचे विवरण पाहून चकित झाला. दहा हजार रुपयांच्या एका खरेदीवर बँकेने ४१३ रुपये अधिक लावले होते. "ही कसली लूट?" असे तो म्हणाला. शेजारी बसलेली आजी शांतपणे उद्गारली, "बट्टा कापला म्हणायचा." त्या एका शब्दाच्या पोटात आपल्या गावाचा शंभर वर्षांचा इतिहास दडला आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/ आधी आजचा हिशेब पाहू. परदेशी चलनातील रकमेचे रुपये कार्डाचे जाळे आपल्या दराने करते. त्यावर बँक आपले शुल्क चढवते. ते अनेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असते. पुन्हा त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांनी दहा हजारांवर ३५० रुपये आणि त्यावर कर ६३ रुपये, असे ४१३. म्हणजे दर ही एक गोष्ट आणि दर लावण्याची मजुरी ही दुसरी. हा भेद लक्षात ठेवा.

३/ आता काळ बदलू. १९४८ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. येथे निजामाचा रुपया चाले. त्याचे नाव हाली सिक्का, म्हणजे चालू नाणे. इंग्रजी मुलखातील रुपयाला लोक कळदार म्हणत, कारण तो कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला असे. पुढे हैदराबादच्या टांकसाळीतही यंत्रे आली, विसाव्या शतकाच्या आरंभी नाण्यावर चारमिनार झळकला, तरी कळदार हे नाव इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिले.

४/ दोन्ही रुपयेच, मग फरक कशात? उत्तर चांदीत आहे. १८३५ च्या कायद्याने ठरलेला कळदार सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता. त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. हाली सिक्का सुमारे ११.१८ ग्रॅमचा आणि शुद्धता ८१.८ टक्के, म्हणजे चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. भागाकार करून पाहा : हालीत कळदाराच्या साधारण साडेपंच्याऐंशी टक्के चांदी होती.

५/ म्हणूनच पुढे सात हाली बरोबर सहा कळदार हे प्रमाण रूढ झाले. सहाला साताने भागले की ८५.७ टक्के येतात. शंभर कळदारांचे ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै होत. समाजमाध्यमांवर "इंग्रजांनी निजामाचा रुपया पाडला" असे विधान अधूनमधून फिरते. ते अपुरे आहे. हा फरक मुख्यतः धातूचा होता. त्यात फसवणूक नव्हती.

६/ फसवणुकीला जागा होती ती पुढच्या पायरीवर. नाणे बदलून देणारा सराफ आपली मजुरी घेई, तो बट्टा. हुंडीवर पैसे पाठवायचे तर हुंडणावळ द्यावी लागे. सराफ रुपया फरशीवर वाजवून पाही, घासलेला असेल तर आणखी कापून घेई. मराठीत 'नावाला बट्टा लागणे' म्हणजे कलंक लागणे. नाण्याचे मोल उणे होणे आणि माणसाची पत उणी होणे, दोन्हींना भाषेने एकच शब्द दिला.

७/ जालन्याला हे विशेष जाणवे, कारण सीमा जवळ होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. नावाने तो मुलूख निजामाचाच राहिला, पण तेथे व्यवहार कळदाराचा. जालन्याहून बैलगाडी हाकली की देऊळगाव राजाच्या वाटेवर चलन बदले. १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद रेल्वे जालन्यावरून धावू लागली. मनमाड नाशिक जिल्ह्यात, म्हणजे तिकडेही कळदार.

८/ याखेरीज करोडगिरी, म्हणजे संस्थानाची जकात. १८०२ च्या व्यापारी तहाने मालाच्या किमतीवर पाच टक्के हा दर ठरवला होता. कुंडलिकेच्या काठच्या नवीन जालन्यातील कादराबादच्या पेढीवर बसलेल्या व्यापाऱ्याला मुंबईचा माल मागवताना जकात, चलनाचा दर आणि बट्टा असा तिहेरी हिशेब मांडावा लागे. 'जालना, सोने का पालना' ही म्हण ज्या बाजारपेठेमुळे पडली, तिने हा भार पेलूनच वैभव मिळवले.

९/ मोठा व्यापारी हा भार किमतीत मिसळून टाकी. कापूस पिकवणाऱ्या कुणब्याला ती सोय नव्हती. सरकारसारा हालीत भरायचा आणि कापसाचा अंतिम भाव मुंबईच्या बाजारात कळदारात ठरायचा. हंगामात सर्वांनाच हाली हवा, म्हणून त्याचा भाव चढे. ज्याला दर ठाऊक असे, तो थांबू शके. ज्याला हप्ता भरायचा असे, तो सराफ सांगेल तो दर घेई. बट्ट्याचा खरा भार अशा अडलेल्या माणसावर पडे.

१०/ मग निजामाने स्वतंत्र नाणे ठेवलेच का? कारण नाणे म्हणजे सार्वभौमत्वाची खूण. १८५७ नंतर हैदराबादच्या नाण्यांवरून मोगल बादशहाचे नाव गेले आणि आसफजाहचे आले. राणीचा मुखवटा मात्र आला नाही. १९१८ पासून संस्थानाने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. त्यांवर उर्दूसोबत मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीतही मूल्य लिहिलेले असे. चलन सांभाळण्यासाठी १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली.

११/ सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. पुढच्या दशकात हाली सिक्का टप्प्याटप्प्याने व्यवहारातून गेला; बदलताना प्रमाण तेच, सातास सहा. हैदराबाद स्टेट बँकही २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आज जालन्याहून देऊळगाव राजाला जाताना खिशातला रुपया बदलत नाही. याचे आपल्याला नवल वाटत नाही, ही एका पिढीने पाहिलेल्या मोठ्या बदलाची पावती आहे.

१२/ परदेशात मात्र सराफ अजून बसलेला आहे, फक्त यंत्रात. दुकानदार विचारतो, "रुपयांत देता की इथल्या चलनात?" रुपयांत म्हटले की दर तेथील यंत्र ठरवते आणि तो बहुधा महाग पडतो. स्थानिक चलन निवडावे. जाण्यापूर्वी आपल्या कार्डाचे परकीय चलन शुल्क किती, हेही वाचावे. कुणब्याला थांबण्याची मुभा नव्हती. आपल्याला निदान विचारण्याची आहे.

१३/ शेवटी एक विनंती. मराठवाड्यातील घरांत जुन्या पेटीच्या तळाशी चारमिनारचा रुपया अजून सापडतो. सापडला तर मोडीत घालू नका. त्याचे वजन करा, कळदाराशी ताडून पाहा आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : बट्टा कोण ठरवत असे? आमच्या आजीचे उत्तर होते, "ज्याला घाई नसे, तो."