स्वाध्याय : आत्मपरीक्षणाची योगशास्त्रीय रीत

योगाभ्यास म्हटले की आसने आणि प्राणायाम डोळ्यांसमोर येतात. मात्र पतंजलींच्या अष्टांगयोगात आसनाचा क्रमांक तिसरा आहे. त्याआधी यम आणि नियम येतात. शौच, संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान या पाच नियमांपैकी स्वाध्याय हा चौथा होय.

अर्थ
तैत्तिरीय उपनिषदात गुरुगृह सोडणाऱ्या शिष्याला स्वाध्यायात हयगय न करण्याचा उपदेश आहे. तेथे वेदपठण अभिप्रेत आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्याने प्रणवादी मंत्रांचा जप व मोक्षशास्त्रांचे अध्ययन असा अर्थ दिला. स्वतःच्या मनाचा अभ्यास हा अर्थ अलीकडच्या काळात अधिक रूढ झाला. पण त्याची साधने सूत्रांतच आढळतात.

तीन प्रश्न
साधनपादातील ३३ व ३४ या सूत्रांत हिंसा, असत्य आदी वृत्तींचे विश्लेषण आहे. कृत्य स्वतः केले, दुसऱ्याकडून करविले की त्याला संमती दिली? त्यामागे लोभ होता, क्रोध की मोह? त्याची तीव्रता सौम्य, मध्यम की अधिक? या तिन्हींच्या गुणाकाराने व्यासभाष्य हिंसेचे २७ प्रकार मोजते. सहकाऱ्याची टिंगल स्वतः केली नाही, पण हसून दाद दिली, तर या कसोटीनुसार तीही संमतीच ठरते. अशा वृत्ती उठताच विरुद्ध विचाराचे चिंतन करावे, यास प्रतिपक्षभावना म्हणतात.

महाराष्ट्रातील परंपरा
श्रीयोगेंद्र यांनी १९१८मध्ये मुंबईत 'द योग इन्स्टिट्यूट' आणि स्वामी कुवलयानंद यांनी १९२४मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. कृ. के. कोल्हटकर यांच्या 'भारतीय मानसशास्त्र' या ग्रंथाने पातंजल योगदर्शन सविस्तर मराठीत आणले. गोंदिया जिल्ह्याच्या वाचकाला जवळचे केंद्र म्हणजे नागपूरचे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ४१ अध्यायांची 'ग्रामगीता'ही नित्य वाचनात आहे. मोक्षशास्त्राइतकाच ग्रामजीवनाचा विचार करणारा हा ग्रंथ स्वाध्यायाला सामाजिक अंग देतो.

दैनंदिन अभ्यास
सकाळी एखाद्या ग्रंथातील मोजका भाग सावकाश वाचावा. रात्री निजण्यापूर्वी दहा मिनिटे दिवसातील एकच प्रसंग निवडून वरील तीन प्रश्न विचारावेत. उत्तर वहीत दोन ओळींत लिहिल्यास पळवाटा चटकन ध्यानात येतात.

मर्यादा
पतंजलींनी क्रियायोगात स्वाध्यायाला तप आणि ईश्वरप्रणिधान यांच्या मध्ये ठेवले आहे. आचरणाची शिस्त नसेल तर तो पोथीपांडित्य होतो. समर्पणभाव नसेल तर स्वतःला दोष देत बसणे उरते. आत्मपरीक्षणाने मन हलके होण्याऐवजी सतत खिन्न राहत असेल, झोप उडाली असेल, तर अभ्यास थांबवून मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. स्वतःला ओळखणे हा स्वाध्यायाचा हेतू आहे, शिक्षा करणे नव्हे.