मधुमेही आणि त्याचा वैद्य

आजार चार दिवसांचा असला म्हणजे जवळचा वैद्य पुरतो. आजार जन्माचा सोबती झाला म्हणजे वैद्यहि तितक्याच विचारानें निवडावा लागतो. मधुमेह हा या दुसऱ्या जातीचा आजार होय. तो फार दिवस मुकाट राहतो, आणि दुर्लक्ष झाल्यास डोळे, मूत्रपिंडें, हृदय व पाय यांवर हळूहळू आघात करितो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष माणसें मधुमेही आहेत. इतक्या घरांत आज एकच प्रश्न विचारला जातो: कोणाकडे जावें?

हा प्रश्न नवा नाहीं. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें प्राचीन वैद्यांनीं पाहिलें होतें, आणि 'मधुमेह' हें नांवच त्या गोडव्याची साक्ष देतें. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन भेद सांगितले: एक जन्मजात, दुसरा अपथ्यामुळें उद्भवणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. चरकसंहितेनें तर वैद्याची परीक्षाहि सांगून ठेविली आहे. चिकित्सेचे पाय चार: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. वैद्याच्या ठायीं निर्मळ शास्त्रज्ञान, प्रत्यक्ष कामाचा पुष्कळ अनुभव, दक्षता आणि शुचिता हे चार गुण असावेत, असें ती संहिता सांगते.

रोगाचें मूळ ज्या अवयवांत आहे, तो सांपडण्यास मात्र एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. १८६९ सालीं लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानें स्वादुपिंडांत पेशींचीं लहान लहान बेटें पाहिलीं. त्यांचें कार्य त्याला उमगलें नाहीं. १८८९ सालीं मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तेव्हां त्याला मधुमेह जडला. १९०५ सालीं स्टार्लिंगनें रक्तांतून संदेश नेणाऱ्या द्रव्यांना 'हॉर्मोन' हें नांव दिलें, आणि अंतःस्रावांचें नवें शास्त्र आकार घेऊं लागलें. पुढें टोरंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्पसन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलाला त्याची पहिली टोचणी दिली गेली. अर्क अशुद्ध होता. गुण थोडा आला. कॉलिपनें शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीस दिला, तेव्हां रक्तांतील साखर उतरली. मरणाच्या दारांतून परतलेला तो मुलगा १९३५ पर्यंत जगला.

येथून वैद्याचें काम पालटलें. रोगी जगूं लागला, तेव्हां दीर्घ मुदतीच्या उपद्रवांना तोंड देणें आलें. साखर काटेकोरपणें ताब्यांत ठेवल्यास डोळ्यांची व मूत्रपिंडांची हानि पुष्कळ टळते, हें अमेरिकेंतील १९९३ च्या आणि इंग्लंडांतील १९९८ च्या मोठ्या अभ्यासांनीं सिद्ध केलें. महाराष्ट्रांतहि या विषयाला स्वतंत्र स्थान देणारे निघाले. १९५५ सालीं मुंबईंत डॉ. आजगांवकर यांच्या पुढाकारानें 'डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं इंग्रज सहकारी युडकिन यांच्यासह एक बोलकें छायाचित्र प्रसिद्ध केलें. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणारा आपला माणूसहि आंतून स्थूल असूं शकतो. केवळ वजनकांट्यावर विसंबणाऱ्या वैद्याला हा धडाच आहे.

या इतिहासाचा एक धागा नाशकाशीं येऊन मिळतो. १९९८ सालीं येथें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. आयुर्वेदाचा पदवीधर असो वा आधुनिक वैद्यकाचा, राज्यांतील बहुसंख्य वैद्यांच्या पदव्यांवर आज याच विद्यापीठाची मुद्रा उमटते. अंतःस्रावतज्ज्ञ होण्यास साडेपांच वर्षांची पहिली पदवी, तीन वर्षांची 'एम. डी.' आणि पुन्हा तीन वर्षांची 'डी. एम.' किंवा तिच्या तोलाची पदवी, अशी साडेअकरा वर्षांची वाट चालावी लागते. 'मधुमेहतज्ज्ञ' हें बिरुद मात्र अनेक वाटांनीं लावलें जातें. त्यांत वर्षानुवर्षें रोगी पाहिलेले निष्णात आहेत, तसेच अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाचें प्रमाणपत्र मिळविलेलेहि आहेत. म्हणून पाटी वाचून न थांबतां पदवी व वैद्यक परिषदेचा नोंदणी-क्रमांक पाहावा. चरकाच्या पहिल्या गुणाची आजची कसोटी ती हीच.

प्रत्येक मधुमेह्याला अंतःस्रावतज्ज्ञ हवाच, असें नाहीं. साधा, ताब्यांत असलेला आजार जाणता कुटुंबवैद्य उत्तम सांभाळतो. पेठ-सुरगाण्याहून एस. टी. नें येणाऱ्या रोग्याला कसारा घाट उतरून मुंबई गांठण्यापेक्षां वेळेवर भेटणारा जवळचा वैद्य अधिक मोलाचा. परंतु मुलांचा मधुमेह, गर्भारपणांतील मधुमेह, साखर वारंवार एकाएकीं उतरणें, औषधें वाढवूनहि ती न उतरणें, किंवा जोडीला दुसऱ्या ग्रंथीचा विकार असणें, अशा वेळीं तज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करूं नये. अनुभवाची व दक्षतेची पारख सोपी आहे: हा वैद्य पायांचे तळवे पाहतो काय? वर्षाकांठीं डोळ्यांची व मूत्राची तपासणी करवितो काय? रोग्याचें जेवण काय, हें विचारतो काय?

शुचितेची कसोटी सर्वांत कठीण. 'इन्सुलिन सोडा, रोग मुळासकट काढतों,' असें जो लहान मुलाच्या आईबापांस सांगतो, तो कितीहि गोड बोलला तरी त्याचा उंबरठा पुन्हा चढूं नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत इन्सुलिन थांबलें कीं थोड्याच दिवसांत रक्त आम्ल होऊन प्राणावर बेतते.

चरकानें चौथा पाय रोग्याचा मानला. स्मरण, आज्ञापालन, धैर्य आणि आपला आजार नीट सांगतां येणें, हे रोग्याचे गुण. तज्ज्ञ महिन्या-दोन महिन्यांनीं घटकाभर भेटतो. उरलेले सारे दिवस ताट, चालणें आणि टोचणी रोग्याच्याच हातीं असतात. रोग्याला त्या उरलेल्या दिवसांचा वैद्य बनवितो, तोच खरा निवडण्याजोगा वैद्य.