एपिंगचे रान आणि वहिवाटीचा हक्क

निसर्गरक्षणासाठी स्थापन झालेल्या आजच्या मंडळ्यांचे कामकाज पाहिले, तर त्यात अर्ज, सह्या, सभा आणि मिरवणुका यांचा भरणा फार दिसतो. ही साधने टाकाऊ आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु त्यांच्या मुळाशी बहुधा विनंती असते, आणि विनंती फेटाळणाऱ्याला कारण द्यावे लागत नाही. हक्क सांगणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला नाही म्हणावयाचे, तर कोर्टात उभे राहून, पुराव्यानिशी म्हणावे लागते. हा फरक ज्यांनी फार लवकर ओळखला, त्या इंग्लंडातील मंडळींची हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे. तिचा एक धागा आपल्या मुलखापर्यंत येतो; तो शेवटी हाती घेऊ.

इंग्लंडात 'कॉमन' नावाची जी राने असत, त्यांची मालकी जमीनदाराची. पण तेथे गुरे चारण्याचा, सरपण आणण्याचा हक्क आसपासच्या लोकांना वहिवाटीने मिळालेला असे. आपल्या गायरानाशी याचे थोडेफार साम्य आहे, मात्र तेथे जमीन खाजगी धन्याची. 1235 सालच्या मर्टनच्या कायद्याने जमीनदाराला अशा रानाला कुंपण घालण्याची मुभा दिली होती, पण हक्कदारांच्या गुरांना पुरेल इतके रान मोकळे ठेवून. पुढे सहाशे वर्षांत जमीनदारांना मुभा आठवत राहिली आणि अट विसरत गेली! एकोणिसाव्या शतकात लंडन फुगू लागले, आगगाडी आली, आणि ज्या पडीक रानाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्याला इमारतींच्या जागेचा भाव आला. लंडनच्या ईशान्येचे हैनॉल्टचे जंगल 1851 च्या एका कायद्याने मोकळे झाले, आणि पाहता पाहता झाडे जाऊन तेथे शेते झाली. शेजारचे एपिंगचे जंगल त्याच वाटेवर होते.

अशा वेळी 1865 साली लंडनमध्ये 'कॉमन्स प्रिझर्वेशन सोसायटी' स्थापन झाली. पार्लमेंटचे सभासद शॉ-लेफेव्हर हे तिचे प्रमुख. जॉन स्टुअर्ट मिल आणि अंध असूनही पार्लमेंट गाजविणारे प्राध्यापक हेन्री फॉसेट हे तिचे पाठिराखे. हे फॉसेट म्हणजे हिंदुस्थानच्या जमाखर्चाबद्दल पार्लमेंटात सतत प्रश्न विचारणारे आणि म्हणून 'हिंदुस्थानचे सभासद' म्हणून ओळखले गेलेले गृहस्थ. संस्थेपुढे पहिलाच प्रश्न अवघड आला. लंडनच्या बांधकाम मंडळाची एक सूचना अशी होती की, रानांचा काही भाग विकावा आणि त्या पैशातून जमीनदारांचे हक्क विकत घेऊन उरलेला भाग वाचवावा. वरवर पाहता तडजोड शहाणपणाची दिसते. पण संस्थेने ती नाकारली. कारण विकत घेणे याचा अर्थ, कुंपण घालण्याचा हक्क जमीनदाराला होता हे कबूल करणे. जे त्याचे नाहीच त्याची किंमत का द्यावी? माझ्या मते पुढच्या साऱ्या यशाचे बीज या नकारात आहे.

पहिला मोठा खटका बर्कमस्टेड येथे उडाला. तेथील रानाचे सुमारे 434 एकर लॉर्ड ब्राउनलो यांनी 1866 च्या आरंभी पाच फूट उंचीच्या लोखंडी गजांनी बंद केले. ऑगस्टस स्मिथ नावाच्या एका हक्कदाराने संस्थेच्या सॉलिसिटरांचा सल्ला घेतला. सल्ला असा मिळाला की, आपला हक्क अडविणारे कुंपण हक्कदाराने स्वतः काढून टाकणे कायद्याला मान्य आहे; तेव्हा आधी कुंपण काढावे आणि मग जमीनदाराने कोर्टात जावे. 6 मार्च 1866 च्या रात्री लंडनच्या यूस्टन स्थानकावरून सुमारे सव्वाशे मजूर घेऊन एक खास गाडी सुटली. ऐन वेळी कळले की मजुरांचा ठेकेदार दारू पिऊन पडला आहे! शेवटी वकिलाच्या कारकुनाने पुढारीपण घेतले. उजाडेपर्यंत सगळे गज उपसून त्यांचे व्यवस्थित ढीग रचलेले होते. मोडतोड केली असा आळ येऊ नये म्हणून. सकाळी गावकरी आले ते पायी, घोडागाड्यांतून, आणि रानात मनसोक्त हिंडले. वर्तमानपत्रांना महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. पण खरे काम त्यानंतरच्या चार वर्षांचे. 1870 साली कोर्टाने स्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला, म्हणून ती रात्र इतिहासात राहिली. एरव्ही ती दंगल ठरली असती.

1868 साली रॉबर्ट हंटर हा चोवीस वर्षांचा तरुण संस्थेचा सॉलिसिटर झाला. याने केलेले काम दप्तराचे होते. जुन्या गावठाणांची टिपणे, राजाच्या वनन्यायालयांचे कागद, म्हाताऱ्यांच्या साक्षी यांत तो बुडून गेला. मिरवणुकीच्या अग्रभागी दिसणाऱ्या माणसांपेक्षा अशा माणसांची नावे लोकांना कमी ठाऊक असतात.

आता एपिंग. हे राजाच्या शिकारीचे रान. सरकारने आपला शिकारीचा हक्क एकरी सुमारे पाच पौंडांनी जमीनदारांना विकावयास सुरुवात केली, आणि कुंपणे उभी राहू लागली. लाउटन गावचा जमीनदार हाच तेथला पाद्री. त्याने गावचे जंगल बंद केले. लाउटनच्या लोकांना 11 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून वसंतापर्यंत झाडांच्या फांद्या सरपणासाठी छाटण्याची वहिवाट होती. टॉमस विलिंगेल नावाचा वृद्ध मजूर ती वहिवाट सोडीना. जमीनदाराने त्या रात्री गावकऱ्यांना मेजवानी देऊन पेंगविण्याचा बेत केला आणि विलिंगेल मध्यरात्री उठून फांदी तोडून घेऊन आला, अशी आख्यायिका तेथे सांगतात. ती खरी असो वा नसो. 1866 साली त्याच्या मुलाला आणि दोघा पुतण्यांना फांद्या तोडल्याबद्दल तुरुंगात जावे लागले, हे खरे. संस्थेने वर्गणी जमवून विलिंगेलच्या नावे चॅन्सरी कोर्टात दावा लावला. पण 1870 मध्ये तो वारला आणि दावाही त्याच्याबरोबर गेला. गरीब वादी हा चळवळीचा जीव असतो, पण त्याच्या आयुष्यावर दाव्याचे आयुष्य टांगून राहते, हा मोठा धोका.

येथे हंटरचे कागद कामी आले. राजाच्या हरणांना मोकळीक हवी म्हणून जुन्या वनकायद्याने शेतांना उंच कुंपण घालण्याची मनाई होती. आणि आसपासच्या जमीनधारकांची गुरे, हद्द कोणत्या जमीनदाराची हे न पाहता, सबंध जंगलात चरत. म्हणजे एका हक्कदाराला एका नव्हे, सर्व जमीनदारांविरुद्ध उभे राहता येईल. असा, न मरणारा हक्कदार कोण? लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने स्मशानभूमीसाठी इलफर्डजवळ शेतजमीन घेऊन ठेवली होती. त्या जमिनीबरोबर चराईचा हक्क आलेला! कॉर्पोरेशनजवळ धान्यावरील जुन्या पट्टीचा पैसा होता, आणि तिला लोकप्रियतेची गरजही होती. 1871 साली तिने दावा लावला. त्याच उन्हाळ्यात वॉन्स्टेडच्या मैदानावर मोठी सभा होऊन लोकांनी कुंपण मोडले. 10 नोव्हेंबर 1874 रोजी न्यायाधीश जेसेल यांनी जमीनदारांविरुद्ध निकाल दिला. 1878 च्या कायद्याने एपिंग लोकांच्या विहारासाठी कायम मोकळे ठरले, आणि 6 मे 1882 रोजी खुद्द राणी व्हिक्टोरिया तेथे येऊन गेली.

या विजयाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. ज्या छाटणीच्या हक्कासाठी विलिंगेलची माणसे तुरुंगात गेली, तो हक्क त्याच कायद्याने संपविला. 11 नोव्हेंबर 1879 च्या रात्री हजारो लोक मशाली घेऊन शेवटची छाटणी करावयास निघाले. मोबदला म्हणून लाउटनला सात हजार पौंड मिळाले. त्यांतील एक हजार हक्कदारांत वाटले आणि सहा हजारांतून एक सभागृह बांधले. ते 'लॉपिंग हॉल' या नावाने आजही उभे आहे. झाडांचे काय झाले? छाटणी थांबल्यावर त्यांचे डेरे दाट झाले, खाली ऊन पोचेना, आणि जमिनीवरची झुडपे, फुले मरू लागली. अलीकडच्या दशकांत जंगलाच्या व्यवस्थापकांनी छाटणी पुन्हा सुरू केली आहे. शहरातील सुशिक्षित आणि गावातील सरपणवाला यांची युती झाली. फळ वाटताना पहिल्याला रान मिळाले आणि दुसऱ्याला दालन.

आणि हिंदुस्थानात? योगायोग असा की, 1878 सालीच येथे सातव्या क्रमांकाचा वनकायदा झाला. राखीव जंगल जाहीर करताना लोकांनी आपले हक्क कळवावे, त्यास निदान तीन महिन्यांची मुदत. जो हक्क सांगितला नाही तो मेला. दावा ऐकावयाचा सरकारी अंमलदाराने. लाउटनच्या मजुराला चॅन्सरी कोर्ट तरी होते. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्याला तीन महिन्यांत जाहीरनामा वाचून दाखविणाराही मिळणे कठीण. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कायद्याविरुद्ध अर्ज केला आणि गावकऱ्यांना विश्वासात घेऊनच जंगल राखता येईल असे सुचविले. सूचना उत्तम होती, पण ती अर्ज होती. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगल खात्याने गुरांची चराई बंद केल्याची तक्रार कडक शब्दांत मांडली आहे. गाऱ्हाणी वाढल्यावर सरकारने मुंबई इलाख्यासाठी चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल 1887 साली आला. कायदा मात्र राहिला.

2006 साली वनहक्क मान्य करणारा कायदा झाला, आणि 2009 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू बाहेर नेण्याचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यावयास 2011 उजाडले. या कायद्याखालील नियमांत जुने सरकारी कागद पुरावा म्हणून चालतातच, पण गावातील वृद्धांनी सांगितलेले आणि लिहून घेतलेले निवेदनही चालते.