टायरमधील मंद हवागळती

हवा भरलेल्या टायरमधील हवा स्फोट न होता व बाहेरून इजा न दिसता कित्येक तास, दिवस वा आठवडे थोडी थोडी निसटत राहते, तेव्हा तिला मंद हवागळती म्हणतात. टायर एकाएकी बसला तर चालकाला ते तत्काळ कळते व वाहन थांबते. मंद गळतीत वाहन चालतच राहते आणि टायर आतून निकामी होत जातो, म्हणून दोहोंपैकी मंद गळतीच अधिक घातक होय. टायरच्या रचनेत जसजसा फरक पडला तसतशी गळतीची जागाही बदलत गेली. प्रथम ती शिवण व सांध्यांत होती, नंतर ट्यूबमध्ये व व्हॉल्व्हमध्ये आणि आता मुख्यतः रिमच्या काठाशी आहे. निदानाच्या व दुरुस्तीच्या रीती या बदलामागून, बहुधा उशिराने, बदलल्या. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा व त्याभोवतीचा कोळसा, चुनखडी आणि सागवानाचा टापू हा इतिहास समजून घेण्यास विशेष सोयीचा आहे, कारण लोखंडी धाव, ट्यूबचा टायर व ट्यूबविरहित टायर या चाकाच्या तिन्ही अवस्था येथे फार थोड्या काळात एकामागून एक आल्या.

लोखंडी धावेच्या चाकात हवा नसते, म्हणून गळतीही नसते. पण हळूहळू सैल पडण्याचा दोष तिच्यातही होता. गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेली धाव लाकडी पुठ्ठ्यांवर चढवून तिच्यावर पाणी ओतीत. ती आकसली की चाक घट्ट आवळले जाई. उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव खडखडू लागे आणि त्या आवाजावरूनच गाडीवानास दोष समजे. तेव्हा चाक काही काळ पाण्यात बुडवून ठेवीत, म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा बसे. या चाकाने आपला दोष कधी लपविला नाही. हवेच्या चाकाविषयी असे म्हणता येत नाही.

इतिहास : हवेच्या टायरचे पहिले एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये घेतले. रबर लावलेल्या कापडी नळ्यांवर चामड्याचे वेष्टण, अशी त्याची रचना होती व ती घोडागाड्यांसाठी होती. टायर चांगले चालले, पण महाग पडले व विस्मृतीत गेले. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हाच शोध स्वतंत्रपणे लावला व १८८८ मध्ये एकस्व मिळविले. टॉमसनचा अग्रहक्क उघडकीस आल्यावर ते रद्द ठरले, तरी टायर डनलॉपच्याच नावाने ओळखला गेला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रबरी टायरच्या बैलगाडीला ‘डनलॉप’ वा ‘डमलाप’ म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे.

डनलॉपचा मूळ टायर रिमला चिकटवून टाकलेला असे. त्यामुळे लहानशा छिद्रासाठीही सगळा टायर सोलून काढावा लागे, छिद्र सांधावे लागे व टायर पुन्हा चिकटवून तो वाळेपर्यंत थांबावे लागे. गळती शोधण्यापेक्षा गळतीपर्यंत पोहोचण्यातच वेळ जाई. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने काठात तार घातलेला व विल्यम अर्स्किन बार्टलेट याने रिमच्या वळलेल्या कडेत अडकणारा टायर काढला. १८९१ मध्ये फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी सायकलीसाठी सुटा करता येणारा टायर सिद्ध केला. त्याच वर्षीच्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ या सायकलपटूने तो वापरून विजय मिळविला, तेव्हा वाटेत दुरुस्ती करता येण्याचे मोल लोकांस पटले. ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडविणे व बुडबुड्यावरून छिद्र हुडकणे ही आज सर्वपरिचित असलेली रीत सुट्या टायरमुळेच शक्य झाली.

दुसरा महत्त्वाचा टप्पा व्हॉल्व्हचा. ऑगस्ट श्रेडर याच्या व्हॉल्व्हचे अमेरिकी एकस्व १८९३ चे आहे. आतील बारीक दांडी, स्प्रिंग व रबरी बैठक असलेला हा व्हॉल्व्ह थोड्याफार फरकाने आजही मोटारींत वापरतात. त्याच्या बैठकीवर रेतीचा एक कण अडकला तरी मंद गळती सुरू होते. म्हणून व्हॉल्व्हवरील टोपी ही शोभेची वस्तू नसून दुसरी झडप आहे, हे ध्यानात ठेवणे इष्ट. बोटाने थोडी थुंकी वा साबणपाणी व्हॉल्व्हच्या तोंडावर लावून बुडबुडा येतो की नाही हे पाहण्याची पंक्चरवाल्यांची रीत अत्यंत साधी असून निदानाचा आरंभ तिनेच करणे योग्य ठरते.

सुटे चाक वाहनासोबत नेण्याची कल्पना वेल्समधील लनेथ्ली गावच्या डेव्हिस बंधूंची. त्यांचे दुकान तेथील स्टेपनी स्ट्रीटवर होते व १९०४ मध्ये त्यांनी काढलेल्या चाकास ‘स्टेपनी’ हे नाव पडले. खुद्द इंग्लंडात हा शब्द मागे पडला. मराठीत व इतर भारतीय भाषांत मात्र तो आजही रूढ आहे. स्टेपनीमुळे गळतीचे निदान रस्त्यावरून दुकानात हलविता आले. पण बदललेले चाक आठवडेच्या आठवडे तसेच टांगून ठेवण्याची सवयही तिनेच लावली.

राजुरा परिसर : राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात, व पुढे त्याच राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात आला व १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यास जोडला गेला. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बसवाहतूक सुरू केली होती. भारतात टायरनिर्मितीस १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथील डनलॉपच्या कारखान्याने चालना मिळाली. मुंबईजवळ भांडुपला सिएट कंपनी १९५८ मध्ये निघाली. तथापि राजुरा भागात अवजड टायरांचे खरे युग कोळसा व सिमेंट यांबरोबर आले. सास्ती व वर्धा नदीकाठच्या इतर खाणी, आवारपूर व गडचांदूर येथील सिमेंट कारखाने आणि बल्लारपूरचा कागद कारखाना यांच्या वाहतुकीने हे रस्ते मालमोटारींनी भरून गेले व रस्त्याच्या कडेला पंक्चरची दुकाने उभी राहिली.

या मालमोटारींचे टायर दीर्घकाळ ट्यूबचे होते. त्यांची रिम अनेक भागांची असून टायर एका कड्याने व फटीच्या वळ्याने जागच्या जागी धरलेला असतो. ट्यूब व रिम यांच्यामध्ये रबरी फ्लॅप असतो. खिळा शिरला तर ट्यूबमधील हवा टायरच्या पोकळीत येते व व्हॉल्व्हच्या छिद्रातून आणि काठाकडून झपाट्याने बाहेर पडते. म्हणून ट्यूबच्या टायरमध्ये खिळ्याची गळती बहुधा जलद असते. मंद गळती असेल तर बाभळीच्या काट्याचे टोक, जुन्या ठिगळाची सुटलेली कड, फ्लॅपची दुमड अथवा रिमच्या गंजाने घासलेली ट्यूब यांचा संशय घ्यावा लागतो. कुशल कारागीर ट्यूब काढताना व्हॉल्व्हची जागा टायरवर खडूने खुणावतो. मग ट्यूबमधील छिद्रावरून टायरमधील नेमकी जागा काढता येते आणि तेथे अडकलेला काटा हाती लागतो. ही खूण न करता नुसते ठिगळ लावले, तर तोच काटा दुसऱ्या दिवशी तेथेच टोचतो. गिऱ्हाईक मग ठिगळाला दोष देते.

ठिगळाचे दोन प्रकार. थंड ठिगळात रबर घासून त्यावर सोल्यूशन लावतात व ते वाळून चिकट झाल्यावर तुकडा दाबतात. ओल्या सोल्यूशनवर घाईने बसविलेले ठिगळ काही दिवसांनी कडेने सुटते. अनेक ‘गूढ’ मंद गळत्यांचे मूळ एवढेच असते. मालमोटारींच्या ट्यूबसाठी उष्ण ठिगळ वापरतात. त्यात कच्च्या रबराचा तुकडा दाबात धरून तापवितात, म्हणजे व्हल्कनीकरणाने तो ट्यूबशी एकजीव होतो. रस्त्याकडेच्या दुकानांत यासाठी मोडीत निघालेल्या इंजिनाचा दट्ट्या स्क्रूच्या दाबयंत्राखाली ठेवून त्याच्या खोबणीत इंधन जाळतात. हे साधन ओबडधोबड दिसते, पण कारागीर सावध असला तर त्याचे काम थंड ठिगळापेक्षा टिकाऊ होते.

अनेक भागांच्या रिममध्ये एक मोठा धोका आहे. कडे नीट न बसता हवा भरली, तर ते प्रचंड वेगाने उडून कारागिराचा जीव घेऊ शकते. म्हणून चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून वा साखळदंडाने बांधून, दूर उभे राहूनच हवा भरणे आवश्यक असते. पंक्चरच्या धंद्यातील ही सर्वांत महत्त्वाची व सर्वांत दुर्लक्षित खबरदारी होय.

नैसर्गिक रबराची ट्यूब धड असली तरी हवा धरीत नसे. रबरातूनच ती पाझरे. अमेरिकेत १९३७ मध्ये शोधलेल्या ब्युटिल रबराने हा पाझर सु. एक-अष्टमांशापर्यंत खाली आणला. याच गुणामुळे टायरच्या आतच हवाबंद अस्तर देऊन ट्यूब वगळणे शक्य झाले. बी. एफ. गुडरिच कंपनीचा अभियंता फ्रँक हर्झेघ याने असा टायर सिद्ध केला, १९४७ मध्ये कंपनीने तो जाहीर केला व १९५२ मध्ये त्याचे एकस्व मिळाले. अमेरिकी मोटारींत तो १९५५ च्या सुमारास सर्रास बसू लागला. भारतीय मोटारींत मात्र तो रूढ होण्यास एकविसावे शतक उजाडले.

ट्यूब गेल्यावर मंद गळती कमी होईल ही अपेक्षा अर्धीच खरी ठरली. खिळा शिरला तरी आतील अस्तर त्यास घट्ट कवटाळते, म्हणून हवा एकदम न जाता कित्येक दिवस झिरपते. शिवाय आता रिम हीच हवेच्या टाकीची अर्धी भिंत झाली. पोलादी रिमला टायरच्या बैठकीशी गंज चढला, ॲल्युमिनियमच्या ओतीव रिमवर पांढरा क्षार धरला वा खड्ड्यात आपटून तिचा काठ किंचित वाकला, की टायर निर्दोष असूनही हवा जाते. रबरी व्हॉल्व्हच्या मुळाशी उन्हाने भेगा पडतात. ओतीव रिममध्ये धातूच्या सूक्ष्म रंध्रांतूनही गळती होऊ शकते. अशा वेळी टायरच्या पृष्ठभागावर खिळा शोधत बसणे व्यर्थ असते.

निदानाचा खरा क्रम दाबमापनापासून सुरू होतो. वाहन रात्रभर उभे राहिल्यावर, ऊन लागण्यापूर्वी, चारही चाकांचा दाब एकाच मापकाने घेऊन टिपून ठेवावा. चंद्रपूर जिल्ह्यात ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे. दुपारी ४२° से. तापमानात ३३ पौंड प्रति चौ. इंच दाब भरलेला टायर पहाटे २४° से. तापमानात, कणभरही हवा न गमावता, सु. ३० पौंड दाखवितो. चारही चाके सारखीच उतरली तर तो ऋतूचा परिणाम समजावा. एकच उतरले तर गळती. पाझरामुळे धडधाकट टायरही महिन्याला एक-दोन पौंड गमावतो. त्यापेक्षा अधिक घट असल्यास चाक काढून पूर्ण बुडेल अशा हौदात घालावे. ट्यूबसाठी पुरणारे घमेले येथे उपयोगाचे नाही, आणि लहान दुकानांतील चुकलेल्या निदानाचे एक कारण हेच आहे. हौद नसेल तर साबणपाणी क्रमाने व्हॉल्व्हचे तोंड, व्हॉल्व्हचे मूळ, रिमचे दोन्ही काठ व शेवटी टायरचा पृष्ठभाग यांवर लावून काही मिनिटे थांबावे. अतिमंद गळतीचा फेस सावकाश जमतो. घाई करणाऱ्यास तो दिसत नाही.

दोष काठाशी असल्यास टायर उतरवून रिमची बैठक तारेच्या ब्रशने साफ करणे, टायरचा काठ पुसणे व काठासाठीचे लुकण लावून पुन्हा चढविणे हा उपाय होय. त्याच वेळी व्हॉल्व्हही नवा घालावा. खिळ्याच्या छिद्रासाठी चिकट दोरी बाहेरून खुपसण्याची रीत सर्वत्र आहे. तिने दहा मिनिटांत काम होते, परंतु टायर उतरविला जात नसल्याने आत काय झाले ते कोणी पाहत नाही. कमी हवेवर काही किमी. चाललेल्या टायरच्या आतील बाजूभिंतीत चुरलेल्या रबराची पूड सापडते. असा टायर दोरीने हवा धरतो, पण तो दुरुस्त झालेला नसतो. आतून ठिगळ व खुंटी एकत्र बसविणे हीच पूर्ण दुरुस्ती, आणि तीही केवळ पृष्ठभागाच्या मधल्या भागातील सु. ६ मिमी. पर्यंतच्या छिद्रासाठी. बाजूभिंतीचे छिद्र दुरुस्त करू नये.

हवा कमी झाली की बाजूभिंत प्रत्येक फेऱ्यास अधिक वाकते, त्यातून उष्णता उत्पन्न होते व थर सुटू लागतात. राजुरा भागातील उन्हाळ्याच्या भर दुपारी भारलेल्या मालमोटारीचे टायर फुटतात, तेव्हा ‘हवा जास्त झाली’ असे म्हटले जाते, आणि या समजुतीने अनेक चालक उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवतात. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. दोन चाके जोडीने असलेल्या धुऱ्यावर तर एका चाकाची मंद गळती बाहेरून दिसतच नाही, कारण भार शेजारचे चाक उचलते व तेच आधी तापते. टायर गरम असताना वाढलेला दाब पाहून हवा सोडणे हीदेखील अशीच चूक आहे.

सदोष टायरांमुळे घडलेल्या अपघातांनंतर अमेरिकेने २००० मध्ये कायदा केला व सप्टेंबर २००७ पासून तेथील सर्व नव्या हलक्या वाहनांत दाबसूचक यंत्रणा सक्तीची झाली. दाब ठरीव मूल्यापेक्षा २५ टक्के खाली गेला म्हणजे ती इशारा देते. तोवरची गळती चालकासच ओळखावी लागते. भारतात २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. तीनुसार ट्यूबविरहित टायर, दाबसूचक व दुरुस्तीसंच असलेल्या ३.५ टनांपर्यंतच्या वाहनांना स्टेपनी बाळगण्यातून सूट मिळाली. या संचातील द्रव पृष्ठभागातील लहान छिद्र बुजवितो. रिमच्या वाकलेल्या काठावर वा फाटलेल्या बाजूभिंतीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. राजुऱ्याहून माणिकगडच्या डोंगरातील जिवतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर खड्ड्यात रिम आपटली, तर दुकान सापडेपर्यंत अशा वाहनास जागीच उभे राहावे लागते.